अकिरा बघून झाला? आता हे बघ
कात्सुहिरो ओतोमोचा अ‍ॅनिमे सिनेमा अकिरा आवडला ना, मग लगेच त्याचाच स्टीमबॉय लावू नकोस भावा, आधी १९९५ चा मेमरीज बघ. तीन गोष्टी आहेत, पहिली मॅग्नेटिक रोज सगळे डोक्यावर घेतात, भारी आहेच, पण ती डायरेक्ट केलीय कोजी मोरिमोतोने, ओतोमोची स्वतःची म्हणजे शेवटची कॅनन फॉडर. अख्खं शहर तोफांचं, पोरं शाळेतपण तोफाच शिकतात, शत्रू कुठे दिसतच नाही आणि सगळं एकाच लांबलचक शॉटमध्ये घेतल्यासारखं. मोबाईलवर नको बघूस प्लीज. मग रोजिन झी (१९९१), आजोबांची सेवा करणारा यांत्रिक पलंगच रस्त्यावर पळत सुटतो, डायरेक्शन ओतोमोचं नाही, स्क्रिप्ट त्याची, पण हसून हसून मेलो मी. शॉर्ट पीस या छोट्या फिल्म्सच्या संग्रहातला ओतोमोचा कंबस्टिबलपण बघ, एदोतली (म्हणजे जुन्या टोकियोतली) आग, काय फ्रेम्स आहेत! स्टीमबॉय नंतर कधीपण.