कोठीतल्या लागवडीसाठी ग्रो लाइट: आधी हवेचा हिशेब, मग दिव्याचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरला घराच्या मागच्या अंगाला जांभ्याच्या भिंतीत जुनी कोठी आहे. 4 फूट रुंद, अडीच फूट खोल, 6 फूट उंच, खिडकी नाही. पावसात अंगणातली कोथिंबीर झोडपून निघते, म्हणून कोठीत तीन फळ्या टाकून कोथिंबीर, पालक, मेथी आणि जमलं तर मिरची घ्यायची आहे. ऑनलाइन '1000 वॅट'चा जांभळा ग्रो लाइट, म्हणजे रोपं वाढवायच्या दिव्याचा पॅनल, स्वस्तात दिसतोय. तो घेऊ, की साधी ट्यूब चालेल?

पॅनल घेऊ नका. साधी ट्यूब चालेल, पण सगळ्या पिकांना नाही. आणि फळ्या तीन नको, दोनच टाका. हे तिसरं तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. वेंगुर्ल्याजवळ घरामागच्या अशाच बंद खोलीत मी सहा पावसाळे भाजी काढतोय. पहिले दोन पावसाळे वाया गेले ते प्रकाश कमी पडला म्हणून नाही, हवा कोंडली म्हणून.

एलईडी गार असतो असं आपण धरून चालतो. बल्बच्या मानाने तो गार असतो हे खरं, पण दिव्याने ओढलेली वीज जाणार कुठे? थोडी दिव्याच्या पाठीतूनच उष्णता होऊन निघते, बाकीचा प्रकाश पानांवर, भिंतींवर, मातीवर पडून शेवटी उष्णताच होतो. 100 वॅटचा दिवा म्हणजे कोठीत 100 वॅटची शेगडी समजा. ती उष्णता बाहेर काढायला हवा किती लागते याचं गणित सोपं आहे: 100 वॅटमागे ताशी साधारण 100 घनमीटर हवा खेळवली, तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 3 अंशांनी जास्त राहतं. 150 वॅट असतील तर 150 घनमीटर. हवा निम्मी झाली की फरक दुप्पट होतो. बाथरूमला लावतात तो 6 इंची एक्झॉस्ट फॅन घ्या. बॉक्सवर ताशी किती घनमीटर लिहिलंय ते बघा आणि जाळी, पाइप, धूळ यांमुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच हवा जाईल असं धरून चाला. त्या आकड्यात जेवढे वॅट बसतात तेवढाच दिवा तुमच्या कोठीला परवडतो. तीन फळ्यांना पुरेसा प्रकाश द्यायचा तर सव्वादोनशे वॅटच्या घरात जाल, आणि तेवढी हवा त्या कोठीतून निघणं कठीण आहे.

फळी पूर्ण अडीच फूट खोल करू नका. 2 फुटांची ठेवा, मागे अर्धा फूट मोकळं सोडा. दाराच्या खालच्या बाजूला जाळी लावून हवा आत घ्या आणि फॅन वर बसवा. गरम हवा तशीही मागच्या फटीतून वरच चढते.

आता आपल्याकडच्या दमटपणाचं. बाहेरची हवा आत घेऊन दमटपणा घालवा असा पुण्या-नाशिकचे लोक जो सल्ला देतात तो इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण जुलैत आपण बाहेरून जी हवा आत ओढतो तीच ओलीचिंब असते. पण इथे दिव्याची उष्णता थोडी आपल्या बाजूने काम करते. रात्री बाहेर 25 अंश आणि 95 टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा आत 28 अंशांवर गेली, तर तिची आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास येते. पाण्याचा अंश तेवढाच असतो, पण हवेची पाणी धरायची ताकद वाढते. रोपांनी सोडलेली वाफ त्यात मिळते ती वेगळी, तरी बुरशीच्या दृष्टीने 95 आणि 80 मध्ये फार अंतर आहे. म्हणून दिवे रात्री लावा. संध्याकाळी सात ते सकाळी सात हे माझं वेळापत्रक आहे. दिवसा दिवे लावून रात्री कोठी बंद ठेवली, तर रात्रभरात पानांवर दव धरतं, आणि सकाळी दार उघडावं तर अंकुर मातीलगत मऊ पडून आडवे झालेले. मेथीचे दोन ट्रे मी असेच घालवले. मे महिन्यात बाहेर दिवसा 33-34 अंश असताना तर रात्रीशिवाय पर्यायच नाही.

फॅन मात्र दिवे बंद असतानाही चालू ठेवा. शिवाय आत एक छोटा, पानं जेमतेम हलतील इतक्याच वाऱ्याचा पंखा हवा. लेट्यूसची आतली कोवळी पानं कडेने करपतात ना, त्याला खत कमी पडलं असं बरेच जण समजतात. बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतंच, पण कोंदट हवेत पानातून पाणी उडत नाही आणि पाण्याबरोबर चढणारं कॅल्शियम टोकापर्यंत पोचत नाही. पंखा लावल्यावर माझ्याकडे ते थांबलं.

आता दिवा. '1000 वॅट' ही फक्त जाहिरात असते. मी घेतलेल्या तशाच एका पॅनलला प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर जोडला, तर आकडा आला 96. त्याहून वाईट तो जांभळा रंग. त्या उजेडात पान काळपट दिसतं, सगळी पानं सारखीच दिसतात. पंधरा दिवस मी कोथिंबिरीचा ट्रे बघत होतो आणि मला सगळं ठीक वाटत होतं. मग पाणी निथळायला ट्रे पडवीत आणून ठेवला आणि आई म्हणाली, "अरे, हो पालो पिवळो पडलो मरे!" खालची पानं हळदीसारखी झाली होती, पालथ्या बाजूला मावा होता. आत असताना दोन्ही दिसलं नव्हतं. रोप रोज डोळ्यांनी तपासता आलं पाहिजे, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी पांढराच दिवा घ्या म्हणेन.

झाडाला फक्त लाल आणि निळा प्रकाश लागतो, हिरवा वाया जातो, असं विक्रेते सांगतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कीथ मॅक्री या शास्त्रज्ञाने 22 पिकांची पानं वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात तपासली, तेव्हा हिरव्या प्रकाशातही प्रकाशसंश्लेषण चांगलं होतं असं दिसलं. पांढऱ्या एलईडीत आत निळी चिप आणि वर फॉस्फरचा लेप असतो. बंद दिव्यावर दिसणारा पिवळा ठिपका तो हाच. त्यातून झाडाला लागणारे सगळे रंग मिळतात. पालेभाजीसाठी 4000 ते 6500 केल्विनमधला (हा दिव्याच्या रंगछटेचा आकडा) कुठलाही पांढरा चालतो, सोबत थोडे लाल चिप असले तर उत्तम. अतिनील-अवरक्तची वेगळी बटणं असलेल्या दिव्याला जास्त पैसे देऊ नका.

प्रकाश मोजायला मोबाइलवरचं लक्समीटर ॲप पुरे. थोडी चूक येते, पण पांढऱ्या दिव्याखाली लक्सच्या आकड्याला 70 ने भागलं की झाडाच्या हिशेबातला आकडा अंदाजे मिळतो. तो मायक्रोमोलमध्ये धरतात. जांभळ्या दिव्याला हे गणित लागू नाही. मेथी आणि मायक्रोग्रीन्सना पानाच्या पातळीवर 8,000 लक्स पुरतात. पालक, कोथिंबीर, लेट्यूस यांना 14,000 च्या आसपास हवेत, म्हणजे 200 मायक्रोमोल. फोन पानांच्या उंचीवर आडवा धरा आणि मध्यभागीच नाही, चारही कोपऱ्यांत मोजा.

तुमच्या 4 बाय 2 फुटांच्या फळीवर 20 वॅटच्या, 2,000 ल्युमेनच्या साध्या चार बॅटन (एलईडी ट्यूब) लावल्या तर साधारण 8,000 लक्स मिळतात. वीज जाते 80 वॅट. ही झाली मेथीची फळी, आणि बॅटन दोन-अडीचशे रुपयांत गावातल्या दुकानातही मिळते. पालक-कोथिंबिरीच्या फळीला मात्र चांगल्या ग्रो लाइटच्या पट्ट्या घ्या, ज्यांच्या माहितीपत्रकात एका ज्यूलला (म्हणजे एक वॅट एक सेकंद जळला तर) 2.5 मायक्रोमोल किंवा जास्त असं लिहिलेलं असेल. हा आकडा छापलेलाच नसेल तर तो दिवा सोडून द्या. अशा 75 वॅटमध्ये 14,000 लक्स मिळतात, बॅटनना त्यासाठी 130 वॅटच्या वर लागतील. दोन्ही फळ्या मिळून 155 वॅट, आणि इतकी हवा तुम्ही काढू शकता. एक मोठा पॅनल टांगण्यापेक्षा लांब पट्ट्या बऱ्या, कारण कमी उंचीत पॅनलच्या बरोबर खाली पानं भाजतात आणि कडेची रोपं वाकतात. जुन्या घरातलं काचेचं कौल आठवा. माझा पहिला ट्रे मी तशा कौलाखालीच ठेवला होता. उन्हाची तिरीप दिवसभरात जमिनीवरून सरकत गेली आणि चार दिवसांत सगळी मेथी एका अंगाला झुकली, देठ पांढरे आणि बोटभर लांब. कोपऱ्यात प्रकाश कमी पडला की नेमकं तसंच होतं.

भिंतींना आतून चुन्याचे दोन हात द्या. चंदेरी फॉइलपेक्षा मला चुना आवडतो. तो प्रकाश सगळीकडे सारखा परतवतो आणि त्यावर बुरशी सहज धरत नाही.

कोथिंबिरीला 12 तासांच्या वर उजेड देऊ नका. जास्त तासांनी लवकर वाढेल असं वाटतं, पण दिवस लांबला आणि उकाडा असला की ती पाला सोडून फुलोऱ्यावर जाते. मेथी 14 तास सोसते, पण एकाच कोठीत आहे तर दोघींना 12 च ठेवा.

मिरचीची रोपं फळीवर महिनाभर छान तयार होतात. फळं धरायला मात्र याच्या दुप्पट-तिप्पट प्रकाश लागतो, म्हणजे तेवढीच जास्त उष्णता. मिरची पाऊस ओसरल्यावर अंगणातच लावा.

विजेचा खर्च: 155 वॅट, 12 तास, म्हणजे दिवसाला 1.86 युनिट, महिन्याला 56 च्या आसपास, वर फॅनचे थोडे. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांनंतरच्या युनिटांना वरचा दर लागतो, तेव्हा सध्याचं बिल समोर ठेवून हिशेब करा.

आणि ही गोष्ट मनापासून सांगतो, कारण कोठीत पाणी, ओल आणि वीज एकत्र येणार आहे. 30 मिलीअँपियरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय एकही दिवा लावू नका. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीजपुरवठा करणारा डबा, वेगळा काढता येत असेल तर तो कोठीच्या बाहेर भिंतीवर लावा. आतली उष्णता थोडी कमी होते आणि ओलीपासून ड्रायव्हरही वाचतो. त्यावर 100 ते 277 व्होल्ट अशी रेंज लिहिलेली असेल तर संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी तो तग धरतो. दिवे आयपी 65 चे, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बंदिस्त, घ्या. वायर सॉकेटकडे नेताना खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. समुद्र जवळ आहे, तेव्हा स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरा. माझ्या पहिल्या दिव्याचे जोड एकाच पावसाळ्यात हिरवट बुऱ्याने खाल्ले. आता दर दोन महिन्यांनी मेन बंद करून टर्मिनल उघडून बघतो.

टायमर बॅटरी बॅकअपवाला डिजिटल घ्या. फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि आपल्याकडे पावसात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. आठवड्याभरात दिवे भर दुपारी चालू राहायला लागतात. एखादी रात्र दिव्याविना गेली तर रोपांचं काही बिघडत नाही, इन्व्हर्टर त्यासाठी नको. फक्त वीज गेली की फॅनही थांबतो, तेव्हा कोठीचं दार उघडून ठेवा.

चुना आणि वायरिंग मिरगाआधी उरकून घ्या, एकदा पाऊस लागला की भिंत वाळत नाही. मग रोपं न ठेवता दिवे आणि फॅन एक पूर्ण रात्र चालवा. पहाटे पाचला वरच्या फळीवरचं आणि दाराबाहेरचं तापमान नोंदवा, आणि दोन्ही आकडे इथे टाका. फरक 5 अंशांच्या वर असेल तर दोन बॅटन काढायच्या की फॅन बदलायचा, ते आपण मिळून ठरवू.