जुन्या तलावाचा बांध: दुरुस्ती की नवा?

प्रश्न: दक्षिण सोलापूर तालुक्यातील आमच्या गावतलावाचा मातीचा बांध पायथ्याशी पाझरतो. तो पाडून नवा घालावा का?

उत्तर: आधी पाझर मोजा. पाझराच्या वाटेत आडव्या पत्र्याला पाडलेल्या ९० अंशाच्या व्ही-खाचेत (V आकाराच्या खाचेत) पाणी खालच्या टोकापासून १० सेंमी चढले, तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर जाते. नितळ पाझर एकवेळ चालेल. गढूळ असेल तर आतली माती वाहतेय, तलावाची पातळी लगेच उतरवा. बहुतेकदा पाणी विमोचकाच्या (तलावातून पाणी सोडायच्या दाराच्या) जुन्या नळालगत किंवा बाभळीच्या कुजलेल्या मुळांतून वाट काढते. तेवढेच असेल तर दुरुस्ती पुरते.

नवाच घालायचा तर जुन्याच्या खालच्या अंगाला घाला. काम चालू असताना जुना बांध पाणी अडवतो. पायाचा चर पक्क्या थरापर्यंत न्या. काळी माती फक्त गाभ्यात, बाहेर मुरूम; उघडी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भराव २० ते २५ सेंमीच्या थरांत, ओलावा तपासून दाबायचा. खालच्या बाजूला वाळूची गाळणी हवीच. पैसा वाचवायला सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) मात्र कधीच अरुंद करू नका, पाणी माथ्यावरून गेले की मातीचा बांध टिकत नाही. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस जोराचा, पण भराव आणि सांडवा मेअखेरच पुरे करा.