'ओल मॅन रिव्हर' हे जुन्या नाटकातलं गाणं गॉस्पेल क्वार्टेटच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमध्ये चौघांनी मिळून भक्तिगीतं गाण्याच्या ढंगात कोणी सर्वांत चांगलं गायलंय?

माझं उत्तर: द रेव्हन्स, १९४७. हा न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा ग्रुप चर्चमध्ये गाणारा नव्हे, पण चार पुरुषी आवाजांची त्यांची बांधणी गॉस्पेल क्वार्टेटच्याच वळणाची आहे.

जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी 'शो बोट' या संगीत नाटकासाठी १९२७ मध्ये हे गाणं केलं. मिसिसिपी नदीकाठी राबणारा जो नावाचा हमाल ते गातो आणि त्याच्यामागे हमालांचा कोरस उभा राहतो. एकट्याने गायलेल्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये हा कोरसच हरवतो, आणि क्वार्टेट तो परत आणतं. मुख्य चाल जवळजवळ भूपाच्या पाच स्वरांत फिरते. मंद्र पंचमावरून उठते आणि शेवटाला तार सप्तकात जाते, म्हणजे आवाका दीड सप्तकाच्याही वर. नुसता खर्ज असून इथे भागत नाही.

एरवी क्वार्टेटमध्ये खर्जवाल्याने मागे राहून पाया धरायचा असतो. रेव्हन्सनी जिमी रिक्सला थेट पुढे उभं केलं. त्याची पहिलीच ओळ नीट ऐका. स्वर कुठे दाबलेला नाही, घोगरा नाही, अगदी भरून येतो. बाकीचे मागून झुलत्या लयीत साथ देतात, त्यामुळे गाणं रडकं होत नाही. मला ते फार आवडतं.

टेम्प्टेशन्स या सोल ग्रुपचं १९६७ चं रेकॉर्डिंग 'इन अ मेलो मूड' या अल्बममध्ये आहे. मेल्विन फ्रँकलिनचा खर्ज अप्रतिमच, पण वाद्यवृंदाच्या झगमगाटात कष्टकऱ्याचा थकवा पोचत नाही. सॅम कूक तर सोल स्टिरर्ससारख्या अस्सल गॉस्पेल ग्रुपमधून आलेला. त्याने ते एकट्याने गायलं. आवाज मधाळ, पण या गाण्याला तो हलका पडतो.

तुलना करण्याआधी मात्र पॉल रॉबसन हा कृष्णवर्णीय अमेरिकन गायक ऐकाच. जगण्याला कंटाळलोय आणि मरणाला भितोय, अशी मूळ ओळ. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मैफलींत तो तिथे 'मरेपर्यंत लढत राहीन' अशा अर्थाचे शब्द गाऊ लागला. भूपेन हजारिकांच्या 'गंगा बहती हो क्यूँ'मागेही हेच गाणं आहे. न्यूयॉर्कला शिकत असताना ते रॉबसनच्या सहवासात आले होते.

आणि हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर रिक्सचा अर्धा आवाज गायबच होतो.