बोहारणीला गेट बंद

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि गल्लीत खेळणारं मूल उचलून पसार होतात. खाली लिहिलं होतं, ‘ही टोळी आपल्या तालुक्यात शिरली आहे, काल तीन मुलं नेली.’ माझ्या थोरल्या दिरांनी तो पाठवला. ते बँकेत आहेत, उगाच काही पाठवणाऱ्यांतले नाहीत. तेव्हापासून वॉचमन आमच्या नेहमीच्या बोहारणीला आत सोडत नाही. डोळ्यांनी दिसतंय ते खोटं कसं मानायचं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या वर्णनावरून हा २०१८ साली देशभर फिरलेला व्हिडिओ दिसतो. पालकांनी सावध राहावं म्हणून कराचीत केलेली ती छोटी फिल्म होती. मूळ फिल्मच्या शेवटी मोटारसायकलवाले परत येतात, मुलाला उतरवतात आणि एक जण फलक उघडून दाखवतो : कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. कुणीतरी नेमका हा शेवट कापला. म्हणजे तुम्ही पाहिलंत ते खरंच घडलं, फक्त ते नाटक होतं.

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तिकडे आधीच पसरले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. मी तेव्हा एका दैनिकाच्या डेस्कवर होते. ती बातमी लावताना हात थरथरत होते, आजही त्या गावाचं नाव वाचलं की पोटात कालवतं.

दिरांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी मूल पळवताना पाहिलेलं नाही. त्यांनाही तो मेसेज कुणीतरी पाठवलाच. त्यांना एवढंच विचारा : ‘भाऊजी, तुम्हाला कुणी पाठवला? कुठल्या गावची मुलं?’ मजकुरात ‘आपला तालुका’ आहे, तालुक्याचं नाव नाही. ‘काल’ आहे, तारीख नाही. असा मेसेज कुठल्याही गावात, कुठल्याही दिवशी चालतो. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसला, तर तो बऱ्याच हातांतून आलाय असं समजा. व्हिडिओ मध्येच थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सवर टाका, तो आधी कुठे आला होता ते अनेकदा सापडतं. आणि सरळ पोलीस ठाण्यात फोन करा. तीन मुलं खरंच बेपत्ता असतील तर तिथे तक्रार असेलच.

जे कळेल ते त्याच ग्रुपवर टाका, दिरांना आधी स्वतंत्र फोन करून. चारचौघांत खोटं पाडलेला माणूस हट्टाला पेटतो.

बोहारणीच्या बाबतीत मात्र हे सगळं होईपर्यंत थांबू नका. ती यायच्या वेळी स्वतः खाली जा, वॉचमनसमोर तिच्याशी बोला आणि तिला बरोबर घेऊन वर या.