शेतातून येताना आलूबोंडा दिसला की राहवत नाही, काय करू?

भाऊ, स्टँडवर घाणा निघाला की गाडी आपोआप थांबते म्हणता, माझंही यवतमाळकडच्या आमच्या गावात तसंच व्हायचं. थांबून एकच विचारा: आत्ता ज्वारीची भाकर अन् वरण समोर आलं तर खाल का? हो म्हणालात तर भूक आहे, घरी जाऊन जेवा. तर्रीतला आलूबोंडाच पाहिजे असेल तर ती तलफ. ती लाटेसारखी चढते अन् बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. मनाशी भांडू नका. तोंडाला सुटलेलं पाणी, पोटातली ओढ नुसती बघत राहा. मी बघितलं तेव्हा कळलं, कापसाचा भाव पडला त्या दिवशी माझी तलफ हटकून यायची. रात्री ओलिताला जागलो की दुसऱ्या दिवशीही. खायचाच तर बाकड्यावर बसून, फोन खिशात ठेवून, एकच खा.