कुर्ल्याला उतरल्यावर पुढे काय?

प्रश्न : मी डोंबिवलीची. गेल्या महिन्यात बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नोकरी लागली. पावणेआठची फास्ट पकडून कुर्ल्याला वेळेत उतरते, पण पश्चिमेला शेअर रिक्षाच्या रांगेत अर्धा तास जातो. वर ‘पुढे बसा मॅडम’ म्हणत ड्रायव्हरशेजारी चौथी सीट देतात. रोज लेटमार्क. काय करू?

उत्तर : ताई, त्या रांगेत मी ११ वर्षं काढली आहेत. पहिलं सांगणं, चौथ्या सीटवर बसू नका. रिक्षाला तीनच प्रवासी चालतात. पुढे बसलं की अर्धं अंग बाहेर राहतं. माझी ओढणी एकदा बाजूने जाणाऱ्या बाइकच्या हँडलला अडकली. गळ्यावरचा तो हिसका अजून विसरले नाही. तेव्हापासून मागची जागा मिळेपर्यंत थांबायचं, उशीर झाला तरी.

रांगेला पर्याय म्हणजे बेस्टची ३१० नंबरची बस. कुर्ला स्टेशन पश्चिमेहून सुटते, बीकेसीतून वांद्रे पूर्वेला जाते. पाच किलोमीटरपर्यंत साध्या बसला १० रुपये, एसीला १२. गाडीने विद्याविहार सोडलं की मोबाइलवर ‘चलो’ ॲप उघडा, बस कुठे आहे ते दिसतं. पूल चढायच्या आधीच बस की रिक्षा, हे ठरलेलं हवं. खाली उतरून शोधाशोध करायला गेलात की पाच-सहा मिनिटं हकनाक जातात.

धो-धो पावसात एलबीएस रोडवर पाणी भरलं की बसही अडकते आणि रिक्षाही. गाड्या चालू असतील, तर अशा दिवशी घाटकोपरलाच उतरा. मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे बदलून भुयारी मेट्रो ३ ने थेट बीकेसी. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय झाली आहे. वळसा मोठा आहे, पैसेही जास्त लागतात, पण अंग कोरडं राहतं. फक्त घाटकोपरच्या जिन्यावर नऊच्या सुमारास पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्या दिवशी एक गाडी आधीची धरा.

आणि एक. ऑफिसात विचारा, कुर्ल्यापर्यंत बस ठेवता येईल का? आमच्याकडे तीन वर्षं सगळे रांगेला शिव्या घालत होते, साहेबांकडे गेलं कुणीच नाही. शेवटी एक शिपाई मामा दोन मजल्यांवरच्या ४० जणांच्या सह्यांचा कागद घेऊन गेले. पुढच्या महिन्यात सकाळी स्टेशनवर मिनीबस उभी राहायला लागली.