पोस्टर लावायच्या आधी

बाळा,

परवा ऐरोली स्टेशनच्या पुलावर तू पाण्यातलं विषारी आर्सेनिक काढणारी ती बाटली दाखवलीस, आत करवंटीचा कोळसा आणि त्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर चढवलेला, आणि म्हणालीस काका, शनिवारी कॉलेजात पोस्टर लावतेय, तेवढ्यात ठाण्याची गाडी आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. रात्री झोप लागेना. पोस्टर आत्ता लावू नकोस गं. आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाक, मग खुशाल लाव. एकदा चारचौघांत पद्धत सांगून टाकलीस की त्यातलं नवेपण गेलं, आपल्या कायद्यात त्याला सूट आहे ती फार थोड्या ठिकाणी, तिच्या भरवशावर राहू नकोस. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे आणि पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला पुढे १२ महिने मिळतात.

पण अर्जात लिहिणार काय? लोखंडाचं ऑक्साइड आर्सेनिक धरून ठेवतं हे जुनंच आहे. तुझं नवं म्हणजे तो थर धुतला तरी सुटत नाही, हे. ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या औषधाचं जुनं पेटंट काढून वाच, फुकट मिळतं. ते औषध ॲसिडमध्ये टिकत नाही म्हणून वरून आतड्यात विरघळणारं कोटिंग द्यायचं, तर ते कोटिंगच ॲसिडिक, आतलं औषध त्यानेच खराब व्हायचं. मग दोघांच्या मधे पाण्यात विरघळणारा एक पातळ थर घातला. एवढंच! पण सगळा जीव त्या मधल्या थरात आहे. ॲब्स्ट्रॅक्ट वाचून थांबू नकोस, खालची एक्झाम्पल्स वाच, थर असला तर काय आणि नसला तर काय, ते तिथे कळतं.

मी रबाळ्याला होतो तेव्हा पाणी शुद्ध करायच्या गोळ्या करायचो, जुलैत ग्रॅन्युल ओलसर होऊन पंचला, म्हणजे गोळी दाबणाऱ्या ठोकळ्याला, चिकटून बसायचे. सहा बॅच फेकल्या, सातवी जमली, वहीत मी फक्त सातवी लिहिली. वर्षाने अर्ज लिहायला बसलो तर वकील म्हणाले, आधीच्या सहांचे आकडे द्या, त्याशिवाय सातवीत काय विशेष ते दाखवणार कसं? आकडे नव्हते. अर्ज तिथेच राहिला, अजून चुटपुट लागते. म्हणून सांगतो, थर सुटून पाणी लाल झालेल्या तुझ्या बाटल्यांचंही सगळं लिही, किती तास, कुठला पीएच, तारीख घाल, सही कर, दुसऱ्या कुणाची तरी सही घे.

अजून एक, हे नीट ऐक. आरओच्या मेम्ब्रेनवर पॉलिअमाइडचा पातळ थर असतो ना, त्याचं जॉन कॅडॉट यांचं पेटंट १९८१ चं. त्यावरून त्यांच्या कंपनीने दुसऱ्या कंपनीवर केस केली, पण १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने ठरवलं की तो शोध सरकारी पैशाच्या कामातून निघालेला, त्यामुळे हक्क सरकारचा. तुझी लॅब कॉलेजची, केमिकल कॉलेजची, गाइड मॅडमही त्यांच्याच. तर मॅडमशी उद्याच बोल, अर्ज कुणाच्या नावे करायचा आणि तुझं नाव इन्व्हेंटर म्हणून येणार ना, हे लेखी घे. मागायला संकोच वाटेल, तरी माग.

शुक्रवारी संध्याकाळी नौपाड्याला घरी ये, अर्जाचा मसुदा दोघं बसून करू. वही आण, आणि त्या लाल पाण्याच्या बाटल्या अजून फेकल्या नसशील तर त्याही घेऊन ये.

तुझा काका